मथळ्याखालचा मजकूर

"तुम्ही विक्रीकरवाले आहात का?" दुकानदाराने तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही हो," बाबा म्हणाले. "मला फक्त तुमची जुनी बिलं बघायची आहेत."

"विक्रीकरवालेही हेच म्हणतात."

मी कपाळाला हात लावला. बाबांची एक ठरलेली पद्धत आहे. दुकानात शिरलं की आधी काहीतरी विकत घ्यायचं, मग दुकानातल्या एखाद्या जुन्या वस्तूचं कौतुक करायचं आणि मगच मुद्द्याला हात घालायचा. यात फार मोठी मुत्सद्देगिरी आहे असा त्यांचा समज. प्रत्यक्षात या पद्धतीमुळे आमच्या घरी बटणं, बुटांच्या नाड्या आणि दाढीचे ब्रश इतके साठलेत की आम्हीच दुकान टाकावं. त्या रविवारी त्यांनी सेफ्टी पिनांचं पाकीट घेतलं आणि काउंटरवरच्या तराजूचं तोंड भरून कौतुक केलं. अनोळखी माणूस तराजू निरखायला लागला तर दुकानदाराला दुसरं काय आठवणार?

शेवटी मी मध्ये पडले. "काका, ते जुने कागद जमवतात. दुकानांची लेटरहेडं, बिलं, पाकिटं. छंद आहे त्यांना."

"छंद? या वयात?"

"या वयात नाही लागलेला. तरुणपणापासूनचा आहे."

"मग आता बरा व्हायचा नाही," दुकानदार म्हणाला आणि बाबांसाठी स्टूल पुढे सरकवलं.

ऐंशीच्या घरातला माणूस, पण पाठ ताठ. मागे छतापर्यंत लाकडी खण, प्रत्येक खणावर आत काय आहे त्याची चिठ्ठी, आणि सगळीकडे साबणाचा नि जुन्या पुठ्ठ्याचा वास. आम्ही पाहिलेलं हे अठरावं जनरल स्टोअर्स. बाबांनी स्टुलावर बसकण मारली, रुमालाने भिंग पुसलं आणि ते पुन्हा खिशात ठेवलं. इतक्या रविवारांनंतर मला कळायला लागलं होतं. आशा वाटायला लागली की ते भिंग पुसतात.

बाबा आवक-जावक विभागात कारकून होते. सदतीस वर्षं रोज टपालाचा ढीग त्यांच्या टेबलावर पडायचा. आतला मजकूर साहेबांसाठी, बाबांसाठी फक्त वरचा मथळा. त्या काळच्या मथळ्यांत काय नसायचं! उगवता सूर्य, पंख पसरलेला गरुड, कुठल्या तरी प्रदर्शनातली पदकं, तारेचा पत्ता आणि एखादी भव्य इमारत. इमारती निम्म्याअधिक खोट्या. माझ्या आजोबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या बिलावर तीन मजल्यांची पेढी आणि दारात घोडागाडी होती. खरं दुकान एका खोलीचं आणि दारात गटार.

ऑफिसातला एक कपटाही बाबांनी कधी घरी आणला नाही. त्या बाबतीत माणूस धुतल्या तांदळासारखा. म्हणून त्यांनी सुट्टीच्या दिवशी जुनी जनरल स्टोअर्स धुंडाळायला सुरुवात केली. दुकानदार मेला, दुकान विकलं, मुलगा दुसऱ्या धंद्यात गेला असं कानावर आलं की बाबा हजर. कागद जमवणाऱ्या लोकांत त्यांना 'मथळेवाले' म्हणून ओळखतात. कागद जमवणारे लोकही असतात, हे मला लहानपणी फार लाजिरवाणं वाटायचं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळं दुखणं तिथून सुरू होतं. त्या काळी ही मंडळी कागद अख्खा ठेवत नसत. अल्बमच्या पानात चार बोटं उंचीची खाच असायची, तीत बसेल तेवढाच मथळा ठेवायचा. स्टीलची पट्टी धरायची, मथळ्याखाली ब्लेडने एक रेघ ओढायची, वरचा तुकडा अल्बममध्ये, खालचा केराच्या टोपलीत. खाली असणार तरी काय? अमुक डझन पेन्सिली, तमुक पेट्या साबण. कागद अख्खा राहू द्यावा, त्यावर कोणी काय लिहिलं तेही मोलाचं असतं, हे शहाणपण या लोकांना फार उशिरा आलं. तोवर बाबांचे एकोणीस अल्बम मुंडक्यांनी भरले होते.

आणि आजोबांच्या दुकानात बिलं लिहायची ती माझी आई.

आजोबांचा घाऊक धंदा होता. वह्या, शाई, टाक, कंगवे, दोऱ्याची रिळं असा माल ते आसपासच्या गावांतल्या लहान दुकानांना पाठवत. बिलं लिहायला आई बसायची. बाबा घरासाठी डझनभर वह्या घ्यायला तिथे गेले, बिलावरची घोडागाडी बघून हरखले आणि मग एकूण अकरा वेळा गेले. "मला वाटलं माणूस माझ्यासाठी येतोय," आई सांगायची, "तर हा कागदासाठी येत होता." यावर बाबा म्हणायचे, "कागदासाठी पहिल्यांदाच आलो. उरलेल्या दहा वेळा..." आणि तिथेच थांबायचे. सत्तरी आली तरी त्यांचं हे वाक्य काही पुरं झालं नाही.

त्या अकरा बिलांचे मथळे अल्बम क्रमांक एकच्या पहिल्या पानांवर आहेत. अकराही नीट, सरळ रेघेत कापलेले. पाहुण्यांना अल्बम दाखवताना आई हटकून म्हणायची, "बघा, माझ्या वडिलांचं तेवढं ठेवलं, माझं फेकून दिलं." सगळे हसायचे. बाबाही हसायचे. तिच्यादेखत ती गंमतच होती.

गेल्या वर्षी आई गेली.

पंधरवड्यानंतरची गोष्ट. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. कामावरून आले तर बाबा जेवणाच्या टेबलावर अल्बम उघडून बसलेले. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "बघ. सहाव्या तुकड्याची खालची कड बघ." मी पाहिलं. ब्लेड तिथे जरा खाली गेलं होतं, त्यामुळे पहिल्या ओळीचे शेंडे वर राहिले होते. निळ्या शाईतल्या तीन वेलांट्या, एक मात्रा आणि एक रफार. अक्षर एकही नाही.

"एवढंच आहे," बाबा म्हणाले.

खरंच एवढंच होतं. आईचं माहेर दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे तिने कोणाला पत्रं लिहिली नाहीत. बँकेत सह्या होत्या, पण सहीत तिने स्वतःला दोन अक्षरांत उरकून टाकलेलं. आजोबांचं दुकान बंद होऊन तीस वर्षं झाली, तिथली रद्दी केव्हाच गेली. घरात ती लिहायची ते स्वयंपाकघराच्या दारामागे, खडूने. काय संपलं, काय आणायचं, कोणाला फोन करायचा. सामान आलं की पुसायची, पुन्हा लिहायची.

ती दवाखान्यात गेली तेव्हा दारामागे एक यादी होती. चहा, काडेपेट्या, काळा दोरा, 'ह्यांचा चष्मा दुरुस्त'. एकोणीस दिवस ती यादी तशीच होती. विसाव्या दिवशी पहाटे दवाखान्यातून फोन आला. आता घरी माणसं येतील म्हणून मी कामाला लागले. भांडी विसळली, ओटा धुतला, आणि ओल्या फडक्याने ते दार वरपासून खालपर्यंत पुसून काढलं. मला काही सुचत नव्हतं, हात चालू होते. आईची मुलगी ना मी, माणसं यायच्या आत घर लख्ख हवं. बाबा आत आले, दारापाशी थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "चहाचा डबा कुठे आहे गं?"

बाबा अल्बम दाखवेपर्यंत मी काय करून बसले ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. सांगावं असं रोज वाटायचं, पण जीभ रेटायची नाही. मी स्वतःला समजावत होते की त्यांच्या लक्षात आलेलं नाही. येणार कसं? एकोणीस दिवस ते घरी फक्त अंघोळीला यायचे.

मग एका सकाळी बाबा दाढी अर्धी टाकून बाहेर आले. "बिल दोघांकडे असतं," ते म्हणाले. गालाला साबण तसाच. "लिहिणाऱ्याकडे प्रत, घेणाऱ्याकडे मूळ. तुझ्या आजोबांची रद्दी गेली, पण ज्यांना माल जायचा त्यांची गेली असेलच असं नाही!"

तेव्हापासून माझे रविवार गेले. माल कुठकुठे जायचा ते आईच्या तोंडून ऐकलेलं होतं. मी स्कूटर काढायची, बाबांनी मागे बसायचं. सात महिन्यांत सतरा दुकानं झाली. तीन बंद, दोन ठिकाणी आता मोबाइल मिळतात, एका ठिकाणी मालकाने कुत्रं सोडलं. बाकीच्या ठिकाणी कागद मिळाले, आईचे नाहीत. चौथ्या दुकानात एका शाईच्या कारखान्याचं तीन रंगांत छापलेलं लेटरहेड सापडलं. एके काळी त्याच्यासाठी बाबा अनवाणी गेले असते. त्यांनी ते जुन्या वर्तमानपत्रासारखं बाजूला सारलं आणि खालचे कागद चाळत राहिले. घाबरले मी त्या दिवशी. वाटलं, हे नाही मिळालं तर हा माणूस उरणार कसा?

"कुणाची बिलं हवीत म्हणालात?" अठराव्या दुकानदाराने विचारलं.

बाबांनी आजोबांच्या दुकानाचं नाव सांगितलं. म्हातारा काउंटरवर पुढे वाकला.

"घोडागाडीवाले?"

बाबा उभेच राहिले. "हो. घोडागाडीवाले."

"मग असतील की. मी बिल फेकत नाही. आमची बायको म्हणायची, एक वेळ मला टाकाल, पण बिल टाकणार नाही." तो हसला. "त्यांची बिलं तर मी वाचायला ठेवायचो."

"वाचायला?" मी म्हणाले. "बिलात वाचायचं काय असतं?"

"खाली एक ओळ असायची, मुली. हिशेब संपला की खाली एक ओळ लिहिलेली. बिलं लिहिणारी कोणीतरी बाई होती तिथं. मी कधी पाहिली नाही, माल गाडीनं यायचा. पण अक्षर ओळखीचं झालं होतं. एकदा शाईच्या बारा बाटल्या आल्या आणि खाली लिहिलं होतं, 'यातली एक गळकी आहे. ती भांडखोर गिऱ्हाइकाला देऊ नये.'" तो खो-खो हसला. "आता गळकी कुठली ते काही लिहिलं नव्हतं. मी एकेक बाटली उलटी करून बघितली. एकही गळकी नव्हती!"

बाबा हसले नाहीत. तोंड किंचित उघडं ठेवून ते ऐकत होते, लहान मूल गोष्ट ऐकतं तसं. "आणखी?" ते म्हणाले. "आणखी काय लिहायची?"

"आता कुठलं आठवायला? आमच्या थोरलीच्या वेळेला दोऱ्याचं एक रीळ जास्तीचं आलं होतं. 'हे बिलात धरलेलं नाही, झबलं शिवा' असं खाली. तिला कसं कळलं देव जाणे. गाडीवाल्यानं सांगितलं असेल." त्याने काउंटरवरचा तराजू सरळ केला. "मग एका वर्षी अक्षर बदललं. खालची ओळ बंद झाली. मला वाटलं, गेली बिचारी."

"नाही," बाबा म्हणाले. "तिचं लग्न झालं. माझ्याशी."

म्हाताऱ्याने बाबांकडे नव्याने पाहिलं, मग माझ्याकडे. "अरे वा! मग त्यांनाच आणायचं की बरोबर. आहेत ना बऱ्या?"

 मी नकारार्थी मान हलवली. म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुन्हा घातला आणि मागच्या खोलीत गेला.

तो बराच वेळ आला नाही. आतून खोकी सरकवल्याचे आवाज येत होते. बाबांनी भिंग काढलं, पुसलं, हातातच धरून ठेवलं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. बिलाखाली ओळ लिहिणारी ही बाई मला माहीतच नव्हती. आणि बाबांना? त्यांच्या अकरा बिलांखाली काय लिहिलेलं असेल? अकरा वेळा आलेल्या माणसाला तिने काहीच लिहिलं नसेल असं होईल का? तेच त्यांच्याही मनात आलं असणार, कारण पुसून झालेलं भिंग ते पुन्हा पुसायला लागले होते. "मी वाचलंच नाही गं कधी," ते हळूच म्हणाले. "चित्रच बघत बसलो."

म्हातारा आला तेव्हा त्याच्या हातात लोखंडी तारेत ओवलेला कागदांचा गठ्ठा होता. त्याचा चेहरा पडलेला.

"मागच्या खोलीचा पत्रा गळतोय दोन वर्षं," तो म्हणाला. "तार खिळ्याला होती, ओघळ बरोबर तिच्यावर. मला कल्पनाच नव्हती हो. सुकलेत, पण चिकटलेत."

चिकटलेलं अलगद सोडवणं हे दवाखान्यातलं माझं रोजचं कामच. मी म्हाताऱ्याकडून पातळ सुरी मागून घेतली आणि काउंटरवर गठ्ठा ठेवून एकेक कागद अलगद सुटा करायला लागले. तिसऱ्या कागदाशी घोडागाडी दिसली. तीन मजले, दारात गाडी, सगळं काल छापल्यासारखं. छपाईची शाई तेलाची, तिला पाण्याचं काय? मथळ्याच्या खाली मात्र सगळा कागद निळसर होता. टाकाची शाई पाण्यात मिसळून खालपर्यंत उतरली होती. अक्षर नाही, आकडा नाही, नुसते निळे ढग.

"पुढचा बघ," बाबा म्हणाले.

पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. मी सुरी सरकवत होते. आजोबांची नऊ बिलं निघाली. नवांवर नऊ घोडागाड्या स्वच्छ, आणि नवांखाली एकही शब्द नाही. शेवटच्या कागदावर बाबांनी भिंग धरलं. फार वेळ धरलं. मग कागदावरून बोट वरून खाली नेत मोजायला लागले.

"सात ओळी होत्या," ते म्हणाले. "इथे शाई दाट आहे बघ. सात. आणि ही खालची वेगळी, लांब आहे. हीच ती."

"काय असेल?" मी विचारलं. 

"कुणास ठाऊक. पाण्याने गेलं."

पाण्याने गेलं म्हटल्यावर मला राहवलं नाही. परक्या दुकानात, परक्या माणसासमोर, हातात सुरी तशीच धरून मी रडायला लागले. "बाबा, दारामागचं मी पुसलं. आईची यादी. ओल्या फडक्याने मीच पुसली."

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

"माहीत आहे?"

"फडकं तुझ्या खांद्यावरच होतं की तेव्हा."

"मग एवढे महिने बोलला का नाहीत?"

बाबांनी भिंग खिशात ठेवलं. "काय बोलू? तू एकदा पुसलंस, तेही भानावर नसताना. मी अकरा वेळा पट्टी धरून कापलं. चांगला शुद्धीवर होतो." त्यांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि काउंटरवर ठेवली. "रडू नकोस. तुझी आई असती तर दोघांनाही हसली असती."

म्हातारा अवघडून गेला होता. काहीतरी करायला हवं म्हणून त्याने गल्ल्याशेजारून कात्री काढली. "साहेब, खालचं गेलं, पण वरचं छापील एकदम छान राहिलंय. तुमच्या वहीत लावायला होईल. खालचं कापून देऊ का?"

"नको!" बाबा एवढ्या जोरात म्हणाले की म्हाताऱ्याच्या हातातली कात्री जागीच थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "नको. आहे तसंच असू द्या."

"मग सगळी घेऊन जा. मला काय करायचीत?"

बाबांनी नऊ बिलं हातात घेतली. ज्यावर सात ओळी मोजल्या ते बाजूला ठेवलं आणि उरलेली आठ एकामागून एक पुन्हा त्या तारेत ओवली. जुन्याच भोकातून, नवं भोक पडू न देता. आयुष्यभर दुकानादुकानांतून कागद उचलणाऱ्या माणसाला दुकानात कागद परत ठेवताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"ही तुमची आहेत," ते म्हणाले. "तिने तुम्हाला लिहिली होती. खिळा तेवढा कोरड्या भिंतीवर ठोका."

म्हाताऱ्याने तार दोन्ही हातांत घेतली.  मग एकदम म्हणाला, "झबलं शिवलं होतं, बरं का. त्याच दोऱ्यानं."

बाहेर ऊन होतं आणि वारा सुटला होता. कागद दुमडला तर तुटेल, पिशवीत चुरगळेल. बाबांनी शर्टाची वरची बटणं सोडली, तो अख्खा ताव बनियनवर सपाट ठेवला आणि वरून बटणं लावून घेतली.

"धरून बसा," मी स्कूटर सुरू करत म्हटलं. "रस्ता खराब आहे."

"हात मोकळे नाहीत," बाबा म्हणाले.

मी आरशात पाहिलं. दोन्ही तळवे त्यांनी छातीवर पसरून धरले होते. घर तिथून तीस किलोमीटर. मागून हॉर्न वाजत होते, ट्रकवाले शिव्या देत पुढे जात होते. मी गाडी वीसच्या वर नेली नाही.